चंद्रीच्या पाठीवरच्या पखाली

परवा नांदूरघाटला लग्नाला गेले होते. नवरदेवाची घोडी पिकअपमधून उतरली... आधी तिचा मान, मग नवरदेवाचा. मांडवामागं सावलीत बसले, तर घोडीवाला शेजारी येऊन रडगाणं सांगायला लागला. चारा महाग, नाल ठोकणारा मिळत नाही, ढोरांचा डॉक्टर घोडी बघितली की हात वर करतो.

मी म्हणलं, बाबा, मला नको सांगूस. घोडीवाल्याच्याच घरात नांदलेय मी. मला काही लिहिता येत नाही, म्हणून घरी आल्यावर नातीला बसवलं आणि सांगायला लागले. ती मधेमधे हसते, तेव्हा चुका झाल्या तर त्या तिच्या.

आमचे मामंजी, म्हणजे सासरे, गावच्या सोसायटीत पंच होते. त्यांची घोडी चंद्री... कपाळावर पांढरा ठिपका. ते ऐटीत बसून केजच्या बाजाराला जायचे, घोडीचं बाकी सगळं आमच्या वाट्याला. सकाळी खरारा, मग लीद, मग भिजवलेले हरभरे. खोगीर घासून तिच्या पाठीला जखम झाली की घरातलं तेल आधी तिला... आमची डोकी तशीच कोरडी.

सासूबाई म्हणायच्या, "दूध देईना, औत वढंना, नुसती शेपूट हालवून खाती." पण आसपासच्या कुठल्याही गावात परण्या निघाला, म्हणजे नवरदेव वाजतगाजत मारुतीला निघाला, की तो चंद्रीवरूनच. हलगी वाजली की ती अशी काही नाचायची, की नवरदेवाकडं कुणी बघायचं नाही.

मग तो मोठा दुष्काळ आला. विहिरी आटल्या, लग्नं थांबली. माझे मालक सडकेच्या कामावर खडी फोडायला गेले. सोसायटीनं माळावर जनावरांची छावणी काढली आणि ठराव केला... चारा फक्त गाय, बैल आणि म्हशीला. ठरावाला हात वर करणाऱ्यांत मामंजी पहिले.

घरी आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, चंद्री यात कुठंच बसत नाही. पण माणूस ताठ. पंचाच्या घोडीनं सोसायटीचा चारा खाल्ला, असं कुणी म्हणायला नको. सिरसाळ्याचा एक व्यापारी घोडी न्यायला येणार, असं ठरवून मोकळे झाले. त्या दिवशी ते जेवले नाहीत आणि चंद्रीकडं फिरकलेही नाहीत.

मी छावणीत शेण काढायला जायची. तिथलं पाणी लांबच्या विहिरीवरून बैलगाडीनं यायचं. आणणारे बैलच इतके खंगलेले, की एक बैल वाटेतच बसला. मला वाटलं, आपली घोडी का नाही आणणार पाणी? तेव्हा सून सासऱ्याशी बोलत नसे. मी सासूबाईंना सांगितलं, त्यांनी मामंजींना... आणि मामंजी तिथंच, हातभर अंतरावर बसलेले. उत्तरही त्याच वाटेनं आलं... चेअरमनला विचारून बघतो.

सोसायटीचे चेअरमन बाबाराव. त्यांनी मान्य केलं. जे जनावर छावणीचं काम करील त्याला पेंढी मिळेल, पण आधी काम दाखवा. दुसऱ्या दिवशी विहिरीवर चंद्रीच्या पाठीवर दोन्ही बाजूंनी पाण्यानं भरलेल्या कातडी पखाली टाकल्या. सिरसाळ्याचा व्यापारीही दोरी घेऊन उभा.

चंद्री हलेना. ओढलं, चुचकारलं... नाही म्हणजे नाही. तिच्या हिशोबानं पाठीवर ओझं आलं म्हणजे नवरदेव बसला, आणि वाजंत्री नाही तर निघायचं कशाला?

कुणीतरी हलगी आणली. हलगी कडाडली आणि आमची बाई निघाली की नाचत! पखाली उसळायला लागल्या, पाणी चारी बाजूंनी उडालं. छावणीपर्यंत निम्मंसुद्धा पोचलं नाही. लोकांची हसून मुरकुंडी. बाबाराव मामंजींना म्हणाले, "मामा, नाचायला चारा कसा देऊ वो?" मामंजींनी व्यापाऱ्याकडं बघून नुसती मान हलवली. त्यानं दोरी पुढं केली.

मला एकच आठवलं... नवरदेव मांडवाच्या दाराशी आला की हलगी थांबते, बाया गाणं म्हणतात, तेव्हा चंद्री कशी खाली मान घालून हळू चालते. मी डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढला. म्हणलं, पुन्हा एकदा विहिरीवर चला, पाणी भरा. आणि चार माणसांत, सासऱ्यासमोर, तेच गाणं लावलं.

एक अडचण होती. त्या गाण्यात नवरदेवाचं नाव घ्यावं लागतं. मालकांचं नाव मी कसं घेणार? सासऱ्यांचं तर बोलायलाच नको. समोर बाबाराव दिसले... पांढऱ्या मिशांचे, नातवंडांचे धनी. घातलं त्यांचंच नाव.

छावणीतल्या बाया पुढं आल्या, सगळ्यांनी सूर धरला. आमचा नवरदेव लाजून चूर. आणि चंद्री... विहिरीपासून छावणीपर्यंत अशी चालली, जणू पाठीवर तान्हं लेकरू निजलंय. एक थेंब सांडला नाही. बाबाराव कुणाकडं न बघता म्हणाले, "द्या रे पेंढी."

व्यापाऱ्यानं दोरी गुंडाळली. मामंजींनी चंद्रीच्या मानेवर हात ठेवला. मग मधे सासूबाई नसताना, सरळ माझ्याकडं बघून म्हणाले, "सूनबाई, उद्याबी गा."

पुढं पाऊस येईपर्यंत मी रोज गायले. मालकांना खडीच्या कामावर कुणीतरी बातमी पोचवली. आले ते फुगूनच... मी जिता असताना चेअरमनला नवरदेव केलंस म्हणून. मी म्हणलं, मग तुमी पखाली वाहा, तुमचं नाव घेते.

आता मामंजी नाहीत, मालक नाहीत, चंद्री तर कधीच गेली. गाणं तेवढं राहिलं... सकाळी नळाला पाणी आलं की आपसूक तोंडात येतं. हंडा भरेपर्यंत म्हणते.