वडिलांच्या आवाजाचा वाटेकरी

माझ्या वडिलांच्या आवाजावर जगात सर्वांत जास्त हक्क कोणाचा, असं विचारलं तर आमचे माईकवाले काका स्वतःचंच नाव सांगतील; आणि वाईट म्हणजे ते खरं असेल. वडील खंजिरीवर भजनं, गवळणी गात यवतमाळ जिल्हाभर फिरले. बोरी अरबचे हे काका माईक लावायला सोबत असत आणि स्वतःच्या हौसेनं प्रत्येक कार्यक्रम टेप करत. महागावात वडिलांनी आलाप घेतला आणि शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली, तर हा गृहस्थ आत शिरून गिरणीचा पट्टाच उतरवून आला. वर म्हणे, "लोकं उद्या जेवतीन. बुवा उद्या असे गातीन का?" कॅसेटी ते तूर ठेवावी तशा कोठीत, कडुनिंबाचा पाला घालून ठेवत. पाल्यानं कीड लागत नाही, ही त्यांची श्रद्धा. खरोखरच लागली नाही.

वडील गेले. त्यांची खंजिरी माझ्याकडे आली. आवाज मात्र सगळा काकांच्या कोठीत. वर्षश्राद्धाला, पहिल्या जत्रेपासून शेवटच्या कार्यक्रमापर्यंतच्या गाण्यांचा संग्रह करून नातलगांना द्यावा, असं मी ठरवलं. काकांनी कोठी उघडली. "ने बाबू, तुयाच बाप हाय."

ऐकायला बसलो आणि माझा नुसता जळफळाट झाला. काका माईकला खेटून बसत. त्यामुळे प्रत्येक ओळ संपली की त्यांचं दणदणीत "वाह बुवा, वाह!" उमरखेडची एक दुर्मिळ गवळण आहे, तिच्यात वडील कमी आणि काकाच जास्त. मी संगणकावर बसून ते सगळे "वाह" एकेक करून पुसून टाकले आणि ती स्वच्छ गवळण मुद्दाम काकांना ऐकवली.

डोळे मिटून ऐकता ऐकता ते दचकले. "बुवा काहून थांबले इथं?" पुढच्या ओळीनंतर पुन्हा, "पाह्य, अजून थांबले. बुवाचा दम असा तुटत नव्हता बाप्पा!"

काय पुसलंय ते मी सांगितलं. ते रागावले नाहीत, ओशाळले. "मी इतका वरडत होतो काय रे? बुवा तं कधी काही बोलले नाही. बरं केलं, पुसलं ते."

घरी येऊन मी पुन्हा ऐकलं. प्रत्येक ओळीनंतर वडील श्वासभर थांबत होते, कुणाची तरी वाट पाहिल्यासारखे.

सगळे "वाह" मी जागच्या जागी परत ठेवले. त्या कार्यक्रमांना पुढच्या सतरंजीवर मीही बसलेला असे. ते माझ्यासाठी थांबलेत, अशी एखादी जागा सापडते का, म्हणून अजूनही एकेक कॅसेट ऐकतो आहे.