समोर रिक्षा, डावीकडं म्हैस

साठी उलटल्यावर नवीन काही शिकायच्या भानगडीत पडू नये, असं सांगणारे ढीगभर भेटतात. त्यातली एक माझ्याच घरात राहते आणि मला चहा करून देते. मी मोटार शिकायची म्हटल्यावर तिनं निवडायला घेतलेली मेथी खाली ठेवली. "आहो, जन्मभर स्कूटर सरळ लावता आली नाय तुम्हाला. आता मोटार शिकून कुणाच्या दारात आडवी लावणार?"

मी चिडलो. मी पटकन चिडतो हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, आणि पटकन उतरतो हेही, त्यामुळं कुणी फारसं मनावर घेत नाही.

मोटारीचं मला काडीचं कौतुक नव्हतं. मला माझ्या नातीला माझ्या हातानं शाळेतून घरी आणायचं होतं, एवढंच. वैजापूरच्या मार्केट यार्डातली नोकरी संपवून आम्ही दोघं संभाजीनगरला, गारखेड्यात मुलाच्या घरी राहायला आलो. मुलगा पुण्याला नोकरी करतो, शनिवारी येतो नि रविवारी रात्री जातो. त्याची मोटार मधले सगळे दिवस कव्हर घालून दारात उभी. सून शेंद्र्याच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर; कंपनीच्या बसनं सकाळी जाते ती संध्याकाळी येते. नात पहिलीत. शाळेच्या व्हॅनमध्ये पोरं बरणीतल्या लोणच्यासारखी दाबून भरलेली सुनेनं एकदा बघितली आणि व्हॅन बंद केली. तेव्हापासून दुपारी मी रिक्षानं तिला आणायचो. एकदा रिक्षाच मिळेना, म्हणून भर उन्हात चालत निघालो, तर वाटेत पोरीचा घोळणा फुटला. त्याच संध्याकाळी मी ठरवलं.

सून म्हणाली, "शिका अण्णा, जरूर शिका. पण पोरगी गाडीत कधी बसवायची ते मी ठरवणार."

"व्हय, ठरव की," मी म्हटलं. मला वाटलं, असून असून किती अवघड असणार?

ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर तिशीतला पोरगा होता. अर्धं मराठी बोलायचा, अर्धं इथलं दख्खनी. मला चाचा म्हणायचा आणि मी कितीही चुकलो तरी आवाज चढवायचा नाही. त्याच्या पायाखाली त्याचा वेगळा ब्रेक होता, म्हणूनही असेल. पहिल्याच दिवशी त्यानं डावा आरसा आत दुमडला. "चाचा, इसको अंदरच रखो. बाहर रखे तो कोई बी ठोक के जाता." हॉर्न म्हणजे त्याच्या मते रामराम होता, येणाऱ्याजाणाऱ्याला घालायचाच. सिग्नल पिवळा झाला की निघायचं, कारण थांबलो तर मागचा डिक्कीत शिरतो. आणि पुढच्या गाडीला चिकटून राहायचं, जागा सोडली की तिथं दुसराच कुणीतरी येऊन बसतो.

रात्री जेवताना मी हे सगळं सुनेला सांगायचो आणि तिचा घास हातातच राहायचा. "डावा आरसा आत? मग डावीकडून कोण येतंय ते काय स्वप्नात दिसणार तुम्हाला?" ती कारखान्यात ट्रकवाल्यांना, फोर्कलिफ्टवाल्यांना हेच शिकवते. तिचं सगळंच उलटं. आरसे दोन्ही उघडे. पिवळ्याला थांबायचं. हॉर्न अडल्यावरच. पुढची गाडी थांबली तर तिची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील एवढं अंतर.

मला दोघांबद्दलही शंका. तिच्या शंका मी मास्तरला विचारायचो आणि मास्तरच्या तिला.

"पिवळ्याला थांबलो आणि मागच्यानं खरंच ठोकलं तर?"

"म्हणून तर आधी मागचं बघायचं, मग थांबायचं."

"आज अंतर ठेवलं. त्यात एक रिक्षा नि दोन मोटरसायकली घुसल्या."

"मग पुन्हा ठेवायचं."

"ठेवलं. पुन्हा घुसल्या."

"पुन्हा ठेवायचं, अण्णा."

"अगं, असं मागं मागं सरकत मी शाळेत पोचायचो नाय, उलटा वैजापूरला पोचेन!"

ती एवढी हसली की तिला ठसका लागला. बायकोनं तिच्या पाठीवर थापट्या मारल्या आणि माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मीच तिला मुद्दाम ठसका लावला.

मग सुनेनं एक नवीनच काढलं. म्हणाली, "उद्यापासून बोलत चालवायची. जे जे दिसेल ते मोठ्यानं म्हणायचं. तोंडातून निघालं नाय, म्हणजे तुम्ही ते बघितलंच नाय असं धरायचं."

मला हा निव्वळ पोरखेळ वाटला. पण नातीसाठी करायचं म्हटल्यावर लाज गुंडाळून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी जालना रोडला सुरू झालो. "समोर रिक्षा. इंडिकेटर डावा, पण वळणार उजवीकडं. डावीकडं म्हैस. म्हैस थांबली. म्हशीमागची बाई थांबली नाय. उजवीकडून मोटरसायकल, वर तिघं, मधल्याच्या मांडीवर मिक्सरचं खोकं."

मास्तर घाबरला. "चाचा, किससे बात कररे? तबियत ठीक है ना?"

सुनेनं सांगितलंय म्हटल्यावर तो कान देऊन ऐकायला लागला. मग आकाशवाणीच्या चौकात एकदम म्हणाला, "चाचा, वो कुत्ता रह गया."

त्या दिवसापासून त्याला नादच लागला. माझ्या तोंडून काही सुटलं की लगेच पकडायचा. डावा आरसाही त्यानं आपण होऊन उघडला, फक्त "टूटा तो तुम्हारी बहू को बोलना" असं म्हणाला. मला तो पोरगा फार आवडायला लागला. मला मात्र या बोलण्याची अशी काही सवय लागली की घरातही सुटेना. एकदा स्वयंपाकघरात शिरताना तोंडातून गेलं, "समोर तवा, तापलेला. उजवीकडं बायको, तीपण." त्या दिवशी चहा मिळाला नाही.

लायसन्स निघालं. एका रविवारी सुनेनं परीक्षा घ्यायची ठरवली, दौलताबादपर्यंत जाऊन यायचं. मुलाला चल म्हटलं तर तो म्हणाला, मला तुमच्या दोघांच्या मधे ओढू नका, आणि कूस बदलून झोपला. छावणी मागं टाकली, तोंडाची टकळी चालूच. दौलताबादच्या वेशीत एका वेळी एकच गाडी जाते. समोरून सहलीची बस येत होती, तिच्यामागं आणखी एक. मी थांबलो. मागच्यांनी हॉर्नचा नुसता कल्ला केला. एकानं काच खाली करून माझं वय काढलं. पूर्वीचा मी असतो तर खाली उतरून त्याच्या सात पिढ्यांची चौकशी केली असती. पण मी आपला, "मागं पांढरी गाडी, आत तापट माणूस," एवढं म्हणालो आणि दोन्ही बस जाऊ दिल्या. सून खिडकीतून बाहेर बघत हसत होती. येताना तिनं रस्त्याकडेचे पेरू घेतले. दारात गाडी लावली, तीही सरळ.

"छान चालवली, अण्णा."

"मग उद्यापासून आणू ना पोरीला?"

तिनं पेरूंची पिशवी उचलली. "अजून नको."

माझं डोकंच फिरलं. किल्ली टेबलावर आपटली आणि जेवणार नाही असं जाहीर केलं. बायको म्हणाली, "उपोषण करायचं तर गच्चीवर बसा, मला इथलं पुसून घ्यायचंय." गेलो गच्चीवर. उन्हात पाण्याच्या टाकीच्या सावलीला बसलो आणि मनातल्या मनात सुनेला खूप बोललो.

थोड्या वेळानं ती पेरूच्या फोडी घेऊन वर आली. तिखटमीठ लावलेल्या. माझ्याशेजारी खालीच बसली.

"अण्णा, तुम्हाला गाडी येती. त्याची शंका नाय मला. पण आज शेजारी मी होते. कंपनीत पण असंच असतं, मी दिसले की सगळे हेल्मेट घालतात. मी नसताना, तुमचं अंग दुखत असलं, मागं पोरगी रडत असली, उशीर झालेला असला, तर तुम्ही काय कराल ते मला माहीत नाय." मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. "माझं एकच लेकरू आहे ओ."

एवढं सरळ तोंडावर मला मुलानंसुद्धा कधी सांगितलं नव्हतं. राग कुठं गेला कळलंच नाही. मी पेरूची फोड उचलली. तिलाही दिली.

मग मी रोज रिकामी गाडी घेऊन शाळेपर्यंत जायचो, वळवून घरी आणायचो, दारात लावायचो आणि नातीला आणायला रिक्षा करायचो. सगळी गल्ली हसायची. हसू दे म्हटलं. असं बरेच दिवस चाललं, आणि एका रविवारी रात्री सून ताटं वाढता वाढता सहज बोलल्यासारखं म्हणाली, "अण्णा, उद्या तुम्हीच आणा तिला. गाडीनं." नात खुर्चीवर उभी राहून नाचायला लागली. मी मान खाली घालून वरणभात खात राहिलो, कारण वर बघितलं असतं तर सगळ्यांना दिसलं असतं.

आणि नेमकं त्याच रात्री मला सर्दीनं गाठलं. सकाळी कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं गोळी दिली, ती बायकोनं पाण्याचा पेला घेऊन समोर उभं राहून गिळायला लावली. दुपारी इस्त्रीचा शर्ट घातला. गाडीत बसलो, बेल्ट लावला, आरसे बघितले, सुरू झालो. "समोर गेट. गेटच्या बाहेर लिंबाचं झाड. झाडाखाली..." पुढं शब्दच येईना. झाडाखाली काहीतरी आहे हे दिसत होतं. भाजीवाल्याचा हातगाडा होता. तो हलला, गेटसमोरून निम्मा पलीकडं गेला, तेव्हा कुठं माझ्या तोंडून "हातगाडा" निघालं.

मी गाडी बंद केली. आपण ठीक आहोत, शाळा काही लांब नाही, रोजचा रस्ता आहे, असं मनाला समजावून बघितलं. पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे. कुणाला कळणार होतं? इतक्या दिवसांनी मिळालेलं, आज नाही म्हटलं तर सून पुन्हा कधी हो म्हणेल कुणास ठाऊक. स्वतःच्या नाकाचा, त्या डॉक्टरचा, त्या गोळीचा असा संताप आला की स्टिअरिंगवर मूठ मारली. मग खाली उतरलो आणि तिला फोन लावला.

"गोळी घेतलीय. डोळ्यांवर झापड आहे. मी आज गाडी नाय नेत. रिक्षानं आणतो पोरीला."

पलीकडून कारखान्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. वाटलं, गेलं. संपलं आपलं.

"अण्णा," ती म्हणाली, "सकाळपासून मी एक काम धड केलं नाय. फोन हातात घेऊन नुसती येरझाऱ्या घालत होते." मग तिनं नाक ओढल्याचा आवाज आला. सर्दी मला होती, तिला नाही. "आता इथून पुढं मला विचारू नका. बरं वाटत असलं तर न्या गाडी, नसलं तर नका नेऊ. पोरगी तुमची आहे. तुमचं तुम्ही ठरवत जा."

फोन ठेवला आणि मी गेटला धरून उभा राहिलो. डोळे, नाक, सगळं एकदमच वाहायला लागलं. बायको दारात आली, माझ्याकडं बघून म्हणाली, "आहो, लई वाढली की सर्दी. चला आत, वाफ घ्या."

म्हटलं, घेतो, पण आधी पोरीला आणतो. आणि येणाऱ्या रिक्षाला हात केला.