काळ्या कापडातला लाल खडा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

चंदीगडला सेक्टर बावीसमध्ये माझं दुकान होतं. कॉलेजांच्या प्रयोगशाळांना खनिजांचे नमुने पुरवायचो. मी सातवी पास, संगमनेरचा; दगड शिकलो ते हातांनी. आणि करंदीकर साहेब – सरकारी भूशास्त्रज्ञ – इथल्या मराठी मंडळात गणपतीच्या आरतीनंतर चारचौघांत म्हणाले होते, "हे दगड विकतात हो, ओळखत नाहीत." सगळे हसले. मीही हसलो. पण ते वाक्य विसरलो का? एक दिवसही नाही.

साहेब वारले. काही महिन्यांनी वहिनी दुकानात आल्या. काळ्या कापडातून एक खडा काढला. "भाऊ, ह्यांना जर्मनीत कुणी दिलेला. उजेडात कधी ठेवायचे नाहीत. आहे तरी काय हा?"

डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल. खालचा कोपरा चिनी मातीच्या खरखरीत फरशीवर ओढला – शेंदरी रेघ. हिंगुळाचीही अशीच येते, पण हिंगूळ पाऱ्याचा, हाताला याहून जड लागतो. हा प्राउस्टाइट होता. चांदी, आर्सेनिक, गंधक. इतका स्वच्छ तुकडा मी पुन्हा कधी पाहिला नाही. एवढं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

"साधाच आहे," मी म्हणालो. "शंभरात घेतो."

"विकायचा नाही हो. त्यांची आठवण आहे."

दीडशे म्हणालो. दोनशे म्हणालो. त्या नुसती मान हलवत होत्या. घासाघीस केली असती तर मी जिंकलो असतो – त्या करतच नव्हत्या. माझं डोकं फिरलं. पुन्हा त्याच घरापुढे हार?

मग मी म्हणालो – "अंधारात कशाला ठेवता, वहिनी? खिडकीत ठेवा. उन्हात खुलेल."

उन्हानं तो काळा पडतो, हे मला माहीत होतं. साहेबांचं कापड कशासाठी होतं, तेही. दगड मी बरोबर ओळखला होता.

पुढच्या गणपतीत प्रसाद द्यायला त्यांच्याकडे गेलो. प्रसादासाठी गेलो? नाही – बघायला गेलो. खिडकीत खडा काळवंडून पडला होता. त्या रोज तो मऊ फडक्यानं पुसत होत्या.

"माझ्याच हाताला काही असेल," वहिनी म्हणाल्या. "त्यांच्या हातात कसा लाल होता."

मी चहा घेतला. चहा छान झालाय, एवढंच म्हणालो.