मासवडी कापायची सुरी

परवा मंचरच्या बाजारात एका खानावळीबाहेर भाजल्या तिळाचा आणि खोबऱ्याचा वास आला, आणि मी शिनोलीतल्या त्या स्वयंपाकघरात जाऊन पोचले.

तुरुंगातून सुटून आलेल्या कैद्यांच्या घरी जाऊन त्यांची विचारपूस करणं हीच नव्वदच्या दशकात माझी नोकरी होती. बांधावरच्या भांडणात ज्याच्या हातून खून झाला होता, तो दगडू मी गेले त्याच आठवड्यात तुरुंगातून घरी आला होता. त्याच्या भावजयीनं मला दारातच हळूच सांगितलं, "बाई, इळी, सुरी, कोयता, समदं कणगीमागं लपवलंय."

आईनं लेकासाठी मासवडी केली होती. ओल्या फडक्यावर थापलेल्या बेसनात तीळ-खोबऱ्याचं सारण भरून वळलेली गरम गुंडाळी ताटात आली आणि कापायला घरात काहीच दिसेना. भावजय माझ्याकडं बघू लागली. दगडूच्या सगळं लक्षात आलं असावं. तो मान खाली घालून म्हणाला, "आये, दोरा दे. दोऱ्यानं कापतो."

म्हातारी उठली. कणगीमागं हात घालून तिनं सुरी काढली, पदराला पुसली आणि त्याच्या हातात दिली. "दोऱ्यानं मोडत्यात. तू सुरीनंच काप. लई जाड नको."

त्यानं एकेक वडी जपून कापली. वड्या वाकड्याच झाल्या. पहिली त्यानं भावजयीच्या ताटात वाढली.

माझ्या डोळ्यांतलं पाणी रश्शाच्या तिखटानं आलं, असं मी तेव्हा म्हणाले. रस्सा तसा बेताचाच तिखट होता.

जेवणं झाल्यावर भावजयीनं सुरी धुतली आणि चुलीजवळच्या फळीवर, कुणाच्याही हाताला येईल अशी ठेवली.