एकसष्ट सिनेमे, एक वाक्य

हीरोनं दहा गुंड लोळवले की तुम्ही शिट्ट्या मारता. त्या दहांतल्या चौथ्याचं नाव कधी विचारलंत काय? नाही विचारलं. मग आता ऐका. त्याचं नाव महिपत. गाव पळसधरा, तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, बोथपासून नऊ किलोमीटर. बाप वांगी-मिरची लावायचा, माय भागाबाई टोपली घेऊन बोथच्या बाजारात बसायची. पोरगा मात्र सहा फुटांचा निघाला, अन् मिशी अशी की बाजारात लोक आधी मिशी पाहायचे, मग वांगी.

एकोणिसाव्या वर्षी तो कापसाच्या ट्रकवर बसून हैदराबादला गेला, हमाली करायला. तिथं एका फाइट मास्तरानं त्याला वरून खाली पाहिलं आणि विचारलं, "गिरना आता है?"

"बचपन से खेत के बांध पर से गिरता हूं," महिपत म्हणाला.

सतरा वर्षं तो पडत राहिला. काचेतून, जिन्यावरून, एकदा तर जिवंत कोंबड्यांच्या खुराड्यावर. पडायलाही अक्कल लागते. मान आत घ्यायची, खांदा आधी टेकवायचा, आणि न लागलेला ठोसा लागल्यासारखा दाखवायचा. महिपतला या कामाचा गर्व होता, आणि का नसावा? घामाचं काम होतं.

एकसष्टांपैकी एकाच सिनेमात त्याला तोंड उघडायला मिळालं. त्यात तो गुंड नव्हता, शेतकरी होता. गाव उठवायला आलेल्या जमीनदारापुढं छाती काढून तेलुगूत एवढंच म्हणायचं होतं: "मेमु इक्कडि वाळ्ळमे." आम्ही इथलेच आहोत. महिपतनं म्हटलं. पण त्याच्या तेलुगूला मराठीचा वास येतो म्हणून मागून दुसऱ्याचा आवाज भरला गेला. पडद्यावर तोंड महिपतचं, आवाज कुण्या भलत्याचा, ढोलासारखा.

पुढं गुडघा गेला आणि तो गावी परतला. एके दिवशी टीव्हीवर तोच सिनेमा लागला, अन् सारं पळसधरा त्या आवाजावर भाळलं. गावाचं दुखणं जुनं होतं. घरात मराठी, कचेरीत तेलुगू. साहेबापुढं गेलं की सगळ्यांची दातखीळ बसायची. लोकांनी ठरवलं, आपल्याला तोंड सापडलं. २०१३च्या निवडणुकीत महिपत सरपंच झाला. त्यानं चंपतरावांना पाडलं, ज्यांच्या घरात निजामाच्या काळापासून पाटीलकी होती. आवाज आपला नाही, हे मात्र त्यानं कुणाला सांगितलं नाही. लोकांना वाटायचं, तो ढोल अन् ती तेलुगू हा साहेबासाठी राखून ठेवतो.

तीन वर्षं त्यानं निभावलं. कचेरीत जाताना शाळेचे उत्तमराव गुरुजी सोबत. गुरुजींना तेलुगू चांगली यायची. ते बोलायचे, हा मिशीवर हात ठेवून बसायचा. गाव फुशारकीनं सांगायचं, "आमचे सरपंच बारक्या कामाले तोंड नाही उघडत."

खरं फक्त बायकोला माहीत होतं. जयवंताबाई म्हणायची, "गुरुजीची बदली झाल्यावर काय करान?"

"तवाचं तवा पाहू."

ते 'तवा' २०१६च्या जूनमध्ये आलं. गुरुजी बदलून गेले. ऑगस्टमध्ये नव्या जिल्ह्यांची, नव्या मंडलांची, म्हणजे तालुक्यांची, कच्ची यादी निघाली. पळसधरा बोथमधून काढून एकतीस किलोमीटरवरच्या नव्या मंडलात टाकलेलं. मधे दोन नाले, पावसाळ्यात दोन्ही भरून वाहणारे. रेशनकार्ड असो की जमिनीचा कागद, माणसानं नाला पोहून जायचं काय? हरकतीला एक महिना होता. पोळ्यानंतर आठव्या दिवशी आदिलाबादला साहेबापुढं सरपंचानं उभं राहून बोलायचं ठरलं.

पोळा आला. तोरणाखाली सजवलेल्या बैलजोड्या उभ्या राहिल्या की तिथं झडत्या, म्हणजे यमक जुळवलेल्या ओळी, म्हणतात. झडतीत टोमणा मारला तर राग धरायचा नाही, पण उत्तर झडतीतच, तिथंच, आपल्या तोंडानं द्यायचं, असा रिवाज. चंपतरावांचा जावई हैदराबादेत राहतो. त्याच्याकडून त्यांनी त्या आवाजाचं सगळं काढून आणलं होतं. ते पुढं झाले आणि मोठ्यानं म्हणाले:

"वांग्याची वाडी, वाडीले झाडी,
आवाज भाड्याचा अन् मिशी तेवढी जाडी!"

लोक हसले, मग सगळे महिपतकडं पाहू लागले. त्यानं राग गिळला, बैलांचा कासरा शेजाऱ्याच्या हातात दिला. मग त्यानं मान वर केली.

"तोरण आंब्याचं, दोर सुताचा,
थो आवाज भाड्याचा, हा मातर सोताचा!"

झडतीमागचं लोकांचं "हर हर महादेव" झालं तसा तो तिथंच बोलला, "सिनेमातला आवाज माहा नव्हता. तीन वर्सं म्या तुमाले अंधारात ठेवलं. पण गाव माहं हाय. आदिलाबादले मी सोता बोलतो, फुटक्या तेलुगूत बोलतो. कोण येते संगं?"

म्हातारी बयनाबाई ओरडली, "मंग इतके दिवस काऊन मुका बसला होतास रे मुडद्या? फुटकी त फुटकी, बोल ना!"

चंपतराव म्हणाले, "मी येतो. तू चुकला त हासाले कोणी पायजे ना."

तेवीस जण गेले. कचेरीत साहेब कागदातून मान वर करीनात. महिपतनं सुरू केलं. तेलुगू अडली की उर्दू, उर्दू अडली की मराठी. एक कारकून तोंडावर हात धरून हसला. महिपत थांबला नाही. नाले सांगितले, बोथचा दवाखाना सांगितला, मागच्या श्रावणात नाल्याच्या काठावर बाळंत झालेली गावची सून सांगितली. शेवटी मराठीचा वास असलेलं तेच वाक्य त्यानं छाती काढून म्हटलं: "मेमु इक्कडि वाळ्ळमे."

चंपतरावांसकट कुणी हसलं नाही. साहेबांनी मान वर केली. हिंदीत म्हणाले, "आपको कहीं देखा है."

"गिरते हुए देखा होगा, साहब. आज खड़ा हूं."

साहेबांनी गावाचा लेखी अर्ज वाचला, नाल्यांच्या ओळीखाली पेनानं रेघ ओढली आणि कारकुनाला नकाशा आणायला सांगितलं.

दसऱ्याला पक्की यादी आली. पळसधरा बोथमध्येच. चंपतराव अजून सांगतात की काम त्यांच्या झडतीनं झालं, आणि महिपत त्यांना तसं सांगू देतो. टीव्हीवर तो सिनेमा लागला तर मात्र त्या वाक्याला तो आवाज बंद करतो अन् स्वतः म्हणतो. जयवंताबाई म्हणते, "झालं काय? जेवा आता."

तुमच्याही गावाची, वॉर्डाची यादी कधीतरी निघेल. ती निघाली की कुणाच्या भरवशावर बसू नका. स्वतः जाऊन वाचा, आणि चुकली असेल तर साहेबापुढं उभे राहा. जी भाषा येते, जशी येते, तशी बोला. पण तोंड तुमचं आणि आवाजही तुमचाच असू द्या.