गडाखालचं स्टिकर

आमच्या गडाच्या पायथ्याशी बचत गटाच्या शांतामावशी टेबल मांडून बसतात. वर जाणाऱ्या प्रत्येक बाटलीवर त्या स्टिकर चिकटवतात आणि पन्नास रुपये अनामत घेतात. उतरताना बाटली दाखवली की पैसे परत. गटाला मोबदला मिळतो तोही परत आलेल्या बाटलीमागेच, म्हणून उतरणाऱ्या माणसाला पाहून एवढा खुलणारा चेहरा मी दुसऱ्या कुठल्याच फाटकावर पाहिलेला नाही. परत येण्याला मोल देणारी जागा मला फार आवडते.

काल रांगेत माझ्यापुढे एक आजोबा होते. त्यांनी पिशवीतून आपली बाटली काढली आणि मागोमाग झुडपांतून वेचलेल्या चेपलेल्या चार-पाच.

"आजोबा, ह्यांच्यावर स्टिकर नाही. ह्यांचे ना तुम्हाला पैसे, ना आम्हाला," मावशी हसल्या.

"ठाऊक आहे. पण टाकून यायला मन होईना. आता गुडघे थकले, पुन्हा काही माझं येणं होत नाही."

मावशींनी बाटल्या पोत्यात टाकल्या, एक कोरं स्टिकर सोललं आणि थेट आजोबांच्या सदऱ्यावर चिकटवलं.

"आता यावंच लागेल!"

सगळी रांग हसली. आजोबांनी आपल्या बाटलीची परत मिळालेली पन्नासची नोट पुन्हा टेबलावर ठेवली.

"मग ही अनामत राहू द्या. पुढच्या हिवाळ्यात उतरताना घेतो."