वसतिगृहातल्या पोरांचा फोटो

मानवतच्या दिनकररावांनी गावाला शाळा दिली, दवाखाना दिला, गोरगरिबांच्या पोरांसाठी वसतिगृह काढलं. त्यांच्या बंगल्यावर झाडलोट करण्यात कासाबाईचं अर्धं आयुष्य गेलं. यंदा दिनकररावांची नात साधनाताई पुण्याहून आल्या. घराण्याची पत्रं, कागद, फोटो विद्यापीठाला देऊन टाकायचे होते. कासाबाई एकेक वस्तू पुसून देई, ताई खोक्यात भरत.

पुसता पुसता एक फोटो हाती आला. मधे दिनकरराव, दोन्ही अंगांना नव्या सदऱ्यांतली पोरं.

"ताई, ही वसतिगृहातली पोरं का वं? माझा मुंजाजी असंल ह्यात. नवा सदरा भेटला म्हून लय खूश व्हता."

नवरा मेला तेव्हा मुंजाजी सात वर्षांचा. कासाबाई दुसऱ्याची मेंढरं घेऊन गोदावरीच्या काठानं रानोमाळ फिरायची. पोराला दोन घास वेळेवर मिळावेत म्हणून तिनं त्याला वसतिगृहात घातलं. पुढच्याच पावसाळ्यात तो तापानं फणफणला. निरोप तिला गाठेपर्यंत पोराला माती देऊन झाली होती.

साधनाताईंनी फोटो उलटा करून मागचं वाचलं, "अनाथ बालकांना वस्त्रदान."

"अनाथ?" कासाबाईचा आवाज चढला. "मी जित्ती व्हते की! मेंढरं इकडं आली की भेटून जायचे, खायला बाजरीच्या खारोड्या द्यायचे. माझा पोरगा अनाथ कसा?"

ताई गोऱ्यामोऱ्या झाल्या. "कुणीतरी लिहून टाकलं असेल, मावशी. मी खाली त्याचं नाव लिहिते, आईचंही लिहिते. यातला कोणता तुमचा?"

कासाबाईनं फोटो खिडकीपाशी नेला. सगळ्यांची डोकी भादरलेली, सगळ्यांचे सदरे सारखे, तोंडं कडक उन्हात पांढरीफटक उमटलेली. तिनं डावीकडून दुसऱ्या पोरावर बोट ठेवलं. मग कडेच्या पोरावर नेलं. मुंजाजीचे कान मोठे होते, पण इथं सगळ्यांचेच कान मोठे दिसत होते.

"हा असंल," ती म्हणाली.

ताईंनी पेन्सिल टेकवली तसा तिनं त्यांचा हात धरला. "न्हाई, ऱ्हाऊ द्या. दुसरीच्या पोराला माझं नाव लागंल."

फोटो तसाच खोक्यात गेला. दुपारी जीप आली. खोकी चढवायला कासाबाई पुढं झाली नाही. मागच्या ओट्यावर डोळे मिटून ती मुंजाजीचं तोंड आठवायला बसली. डोळ्यांपुढं येत होती ती फोटोतली पोरं.